जुनी मोटार आणि तिचे तेल

आमच्या वाचक-कुटुंबांपैकी कित्येकांच्या दारी एखादी जुनी मोटार असते. कोणाच्या मांगरात वडिलांच्या वेळची अँबॅसडर उभी असते, कोणाच्या अंगणात फियाट, तर कोणी चाळीस वर्षांपूर्वीची जीप आजही शेतावर नेतो. अशा गाडीवर घरातील माणसांचा जीव जडलेला असतो. तिच्यातूनच लग्नाची मंडळी गेलेली असतात आणि तिच्यातूनच एखादा आजारी माणूस रात्री-अपरात्री दवाखान्यात वेळेवर पोहोचलेला असतो. म्हणून तिच्याविषयीचा वाद यंत्रापुरता राहत नाही, तो घरातला वाद होऊन बसतो. बेळगाव भागातील एका कुटुंबाने असाच एक वाद आमच्यापुढे मांडला आहे. तो इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आजच्या सदरात त्याचा विचार करीत आहोत.

हकीकत येणेप्रमाणे आहे. घरी १९७४ सालची पेट्रोलवर चालणारी अँबॅसडर आहे. बाजार, रविवार आणि लग्नकार्ये एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. अलीकडे ती थोडा निळसर धूर सोडू लागली आहे. शहरात नोकरीस असलेल्या मुलाने वडिलांसाठी मोठ्या हौसेने इंजिन ऑइलचा एक महाग डबा आणला. त्यावर ‘सिंथेटिक’ आणि ‘५डब्ल्यू-३०’ असे छापलेले आहे. गावच्या मेस्त्रींनी डबा पाहताच सांगितले, “हे पाण्यासारखे तेल ओतलेत तर इंजिन बसेल. त्यापेक्षा नव्वद नंबरचे जाड तेल घाला, धूरही थांबेल.” मुलगा नाराज झाला, वडील संकोचात पडले आणि आई म्हणू लागली की एकदाची ही गाडीच विकून टाका. आता ऐकावे कोणाचे, असा प्रश्न आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. मेस्त्रींचा नकार योग्य आहे, परंतु त्यांनी सुचविलेला उपाय योग्य नाही. मुलाने आणलेले तेल वाईट नाही, पण ते दुसऱ्या काळातल्या इंजिनासाठी बनविलेले आहे. तेलाची निवड किमतीवरून करावयाची नसते, किंवा बोटांच्या चिमटीत धरून त्याचा दाटपणा पाहूनही करावयाची नसते. इंजिन कोणत्या काळात व कोणत्या रचनेने घडले हे आधी पाहावे आणि त्याला मानवेल तेच तेल द्यावे. हे का, ते आता क्रमाने पाहू.

इंजिनातील तेल एकाच वेळी अनेक कामे करीत असते. फिरणारे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून ते त्यांच्यामध्ये पातळ थर धरते. पाणी जेथे पोहोचू शकत नाही तेथील उष्णता ते वाहून नेते. काजळी व कीट आपल्यात सामावून गाळणीपर्यंत आणते. पिस्टनच्या कड्या व सिलिंडरची भिंत यांमधील फट भरून काढते. गाडी उभी असताना आतील पोलादाला गंज चढू देत नाही. हा थर केसाहूनही कितीतरी पातळ असतो. तो शाबूत असेपर्यंत बेअरिंगमध्ये धातूला धातूचा स्पर्श जवळजवळ होतच नाही. तो तुटला की झीज सुरू होते, आणि एकदा झिजलेला धातू कोणतेही तेल भरून आणू शकत नाही.

आता आपली गाडी कोणती, हे पाहिले पाहिजे. अँबॅसडर ही इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड मालिका तीन या मोटारीवरून बेतलेली होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे ती तयार होत असे, आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. १९५९ सालापासून तिच्यात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन बसविले गेले. त्याला ‘बी-सिरीज’ असे नाव आहे. पुढे डिझेलचे इंजिन आले, आणि १९९२ सालापासून इसुझूचे १८०० वर्गातील पेट्रोल इंजिनही आले. तेव्हा ‘अँबॅसडरला कोणते तेल?’ हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. बॉनेटखाली कोणते इंजिन आहे, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते. त्याची जातकुळी या जुन्या बी-सिरीज इंजिनाच्या पुष्कळ जवळची आहे, म्हणून पुढील विवेचन फियाटवाल्यांनीही आपल्यासाठीच समजावे.

या दोन्ही इंजिनांत एक समान गोष्ट आहे. व्हॉल्व्ह उघडण्यासाठी कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. त्याच्यावरील उंचवटे टॅपेट नावाच्या भागाला वर ढकलतात, आणि तो टॅपेट लांब सळईच्या साहाय्याने व्हॉल्व्ह उघडतो. या टॅपेटचा तळ सपाट असतो. आजच्या अनेक इंजिनांत त्या जागी फिरती चक्री बसविलेली असते, त्यामुळे तेथे घर्षण फारच कमी होते. जुन्या इंजिनात मात्र कॅमचा उंचवटा टॅपेटच्या तळावरून घासत जातो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या बारीकशा रेषेवर येतो. तेथे नुसता तेलाचा थर टिकत नाही, आणि काम पडते ते तेलात मिसळलेल्या एका विशेष द्रव्याचे. हे द्रव्य जस्त, गंधक व स्फुरद यांचे संयुग असते. मेस्त्री लोक त्याला नुसते ‘झिंक’ म्हणतात. दाब व उष्णता वाढली की ते धातूच्या पृष्ठावर एक पातळ कवच तयार करते. घासले जाते ते कवच, धातू नव्हे. घासलेल्या जागी पुन्हा नवे कवच येते. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकापासून इंजिनाच्या तेलांत याचा उपयोग होत आला आहे.

मग आजच्या तेलांत ते कमी का केले, असे कोणी विचारील. त्याचे कारण धुरात आहे. नव्या गाड्यांच्या धुरनळीत विषारी वायू निरुपद्रवी करणारे यंत्र असते, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आपल्या देशात १९९५ सालापासून प्रथम दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस ते आवश्यक झाले. इंजिनात थोडेबहुत तेल जळतच असते. त्यातील स्फुरद या यंत्रावर जाऊन बसते व कालांतराने ते निकामी करते. म्हणून पातळ प्रतींच्या नव्या तेलांत स्फुरदाला मर्यादा घालण्यात आली. २००४ सालच्या ‘एसएम’ वर्गापासून ५डब्ल्यू-३० सारख्या तेलांत ते शेकडा ०.०८ हून अधिक असता कामा नये असा दंडक आहे. सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठी जाणकार शेकडा ०.१० ते ०.१४ एवढे स्फुरद असावे असे सांगतात. फरक आकड्यात लहान दिसतो, पण कॅमच्या त्या रेषेवर तो लहान राहत नाही. तुमच्या १९७४ सालच्या गाडीत ते वायुशोधक यंत्र मुळातच नाही, म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी ही कपात झाली ते तुमच्याकडे नाही, आणि ज्याला त्या द्रव्याची गरज आहे ते मात्र आहे. नवे तेल ओतले की दुसऱ्या दिवशी इंजिन मोडेल, असे आम्ही म्हणत नाही. कॅम झिजतो तो गुपचूप, हजारो किलोमीटरांत झिजतो. व्हॉल्व्ह पुरते उघडत नाहीत, चढावर जोर कमी पडतो, टकटक सुरू होते, आणि तोवर उपाय महाग झालेला असतो.

आता डब्यावरील आकड्यांकडे वळू. तेलाच्या दाटपणाचे क्रमांक अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली प्रथम ठरविले, आणि त्यात सुधारणा होत आजची पद्धत आली. त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे ‘एसएई’ अशी डब्यावर छापलेली असतात. ‘२०डब्ल्यू-५०’ यातील ‘डब्ल्यू’ हे इंग्रजीतील हिवाळ्याचे आद्याक्षर आहे. पहिला आकडा तेल थंडीत किती सहज हलते ते सांगतो. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सिअस उष्णतेत ते किती दाट राहते ते सांगतो. या उष्णतेत ३० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० क्रमांकाचा १२.५ ते १६.३, आणि ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९ असतो. म्हणजे ३० क्रमांकाचे तेल तापल्यावर ५० क्रमांकाच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण दाटपणाचे उरते.

पहिल्या आकड्याविषयी पुष्कळांची अशी समजूत असते की तो जितका लहान तितके तेल उत्तम. परंतु ५डब्ल्यू तेलाची थंडीतील परीक्षा शून्याखाली ३० अंशांत होते, तर २०डब्ल्यू तेलाची शून्याखाली १५ अंशांत. गोवा व बेळगाव येथील पारा शून्यापर्यंतही उतरत नाही. ग्वाल्हेरकडील वाचकांस पौष-माघातील पहाट कडक वाटते खरी, पण तेथेही शून्याखाली १५ अंश कोणी पाहिलेले नाहीत. ज्या थंडीसाठी ५डब्ल्यू बनविले ती आपल्याकडे पडतच नाही. तेव्हा तिच्यासाठी पैसे का मोजावे?

दुसरा आकडा जुन्या इंजिनात अधिक महत्त्वाचा ठरतो. नव्या इंजिनाचे भाग फार बारीक फटी ठेवून घडविलेले असतात, म्हणून त्यांस पातळ तेल चालते, किंबहुना तेच लागते. जुन्या इंजिनात फटी मुळातच मोठ्या असतात, आणि पन्नास वर्षांच्या वापराने त्या अधिक रुंदावलेल्या असतात. तेथे पातळ तेल बाजूने निसटते. काट्यावरचा दाब उतरतो, अथवा गाडी तापून चौकात उभी राहिली की तेलाचा लाल दिवा मिणमिणू लागतो. शिवाय जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक इंजिनांत मुख्य दांड्याच्या मागील टोकाला आजच्यासारखे रबरी सील नाही. दांड्यावर मळसूत्रासारख्या खाचा कोरलेल्या असतात, त्याच तेलाला आत लोटतात. पातळ तेल तेथून सहज पाझरते आणि मग क्लचवर येते. मेस्त्रींनी पातळ तेलाला नकार दिला तो अनुभवावरून दिला, आणि त्यांचा अनुभव येथे खरा आहे.

परंतु त्यांचा उपाय पाहा. नव्वद नंबरचे तेल म्हणजे गिअर ऑइल. त्याचा क्रमांक मोठा, म्हणून ते इंजिनाच्या ५० क्रमांकाच्या तेलाहून दुप्पट दाट असेल, असे आपल्याला वाटते. वास्तविक गिअर ऑइलचे क्रमांक निराळ्या मापाने दिलेले असतात. शंभर अंश उष्णतेत नव्वद क्रमांकाच्या गिअर ऑइलचा दाटपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असतो. तो इंजिनाच्या ४० व ५० या क्रमांकांच्या दरम्यानच येतो. पाव शेर आणि पाव किलो यांत ‘पाव’ सारखाच दिसला तरी माल सारखा भरत नाही, तसेच हे आहे. म्हणजे हवा असलेला दाटपणा २०डब्ल्यू-५० या इंजिन ऑइलातच मिळतो. गिअर ऑइलात काजळी धरून ठेवणारी व कीट धुणारी द्रव्ये नसतात, कारण गिअरपेटीत पेट्रोल जळत नाही. त्यात असतात ती गिअरच्या दातांसाठी घातलेली तीव्र गंधकयुक्त द्रव्ये. इंजिनाच्या उष्णतेत ती रॉकरच्या बुशासारख्या कांस्याच्या भागांस अपाय करू शकतात. ज्याचे काम त्यालाच द्यावे, हे घरात जसे खरे तसेच यंत्रातही.

आणि धुराचे काय? निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. ते पिस्टनच्या झिजलेल्या कड्यांवरून वर येत असेल किंवा व्हॉल्व्हच्या मार्गदर्शक नळीतून खाली उतरत असेल. गाडी उतारावरून पेट्रोल न देता आणून मग एकदम पेट्रोल दिले आणि धुराचा लोट निघाला, तर दोष बहुधा नळीचा असतो. चढावर जोर लावताना सतत धूर निघत असेल तर संशय कड्यांवर घ्यावा. मेस्त्रींकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेतला म्हणजे शंका फिटते. जाड तेलाने धूर काही दिवस दबतो, दोष जात नाही. गाडी विकावयाची म्हणून जाड तेल ओतून धूर दाबणे, हा तर व्यवहारच खोटा. घेणारा बहुधा आपल्यासारखाच बेताच्या कमाईचा माणूस असतो, आणि महिन्याभरात इंजिन उघडण्याचा खर्च त्याच्या अंगावर येतो. गाडी विकावी की ठेवावी हे घरच्या मंडळींनी ठरवावे. पण विकाल तर धूर दाखवून विका.

आता डब्यावरील अक्षरांविषयी. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने, म्हणजे ‘एपीआय’ने, पेट्रोल इंजिनांच्या तेलांस ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे दिली आहेत. १९७१ सालापर्यंतच्या इंजिनांसाठी ‘एसडी’, १९७९ पर्यंतच्या इंजिनांसाठी ‘एसई’, १९८८ पर्यंतच्या इंजिनांसाठी ‘एसएफ’, आणि असे करीत २०२० साली ‘एसपी’ व २०२५ साली ‘एसक्यू’ आले. नवे अक्षर जुन्या अक्षराची जागा घेते, असे संस्थेचे सांगणे आहे. स्वच्छता व टिकाऊपणा या बाबतींत ते खरेही आहे, कारण नवी तेले कमी कीट धरतात. सपाट टॅपेटच्या बाबतीत मात्र वर सांगितलेली स्फुरदाची गोष्ट ध्यानात ठेवावी. स्फुरदाची ती कडक मर्यादा ३० व त्याखालच्या पातळ प्रतींना लागू आहे, २०डब्ल्यू-५० ला ती नाही. म्हणून २०डब्ल्यू-५० प्रतीचे, ‘एसएफ’ किंवा त्यापुढील ‘एसजी’, ‘एसजे’, ‘एसएल’ अशा वर्गाचे, खनिज तेलापासून बनविलेले इंजिन ऑइल हे १९७४ सालच्या पेट्रोल अँबॅसडरला सामान्यतः योग्य होय. इंजिन नव्याने बांधलेले व घट्ट असेल तर २०डब्ल्यू-४० सुद्धा चालेल. कंपनी कोणती घ्यावी हे आम्ही सांगत नाही. नामांकित कंपन्यांच्या माहितीपत्रकांत जस्त व स्फुरद यांचे प्रमाण पुष्कळदा दिलेले असते. दुकानदाराकडे ते मागण्यास संकोच करू नये.

येथे चार सूचना जोडणे अवश्य वाटते. पहिली सूचना सिंथेटिक तेलाविषयी. ते कृत्रिम आहे म्हणून जुन्या इंजिनाला विष आहे, असे नव्हे. योग्य दाटपणाचे व पुरेशा जस्ताचे सिंथेटिक तेल चालू शकते. परंतु जेथे तेल पाझरते व जळते तेथे महाग तेल जमिनीवर सांडण्यात अर्थ नाही. दुसरी सूचना जादा झिंकच्या बाटल्यांविषयी. तेलात आधीच द्रव्यांचा तोल साधलेला असतो. वरून मनास येईल तेवढे ओतल्याने तो बिघडतो आणि अतिरेकाने धातूस उलट अपाय होतो. तिसरी सूचना ट्रॅक्टरच्या तेलाविषयी. शेतावर १५डब्ल्यू-४० प्रतीचे डिझेल इंजिनाचे तेल असतेच. त्यात जस्त-स्फुरद बरे असते, आणि अडचणीच्या वेळी ते जुन्या पेट्रोल गाडीला चालून जाते. मात्र डब्यावर ‘सी’ वर्गाबरोबर ‘एस’ वर्गही छापलेला आहे हे पाहून घ्यावे. चौथी सूचना गाळणीविषयी. नव्या तेलाबरोबर गाळणी बदलली नाही, तर नव्या पाण्यासाठी जुना घडा न विसळता वापरल्यासारखे होते.

एक धोका विशेष सांगावयाचा आहे. कित्येक जुन्या इंजिनांत वर्षानुवर्षे धुणारी द्रव्ये नसलेले साधे तेल घातलेले असते, आणि तळाशी काळ्या चिखलाचा थर बसलेला असतो. अशा इंजिनात एकाएकी चांगले धुणारे तेल घातले तर तो चिखल सुटतो आणि तेल खेचणाऱ्या जाळीत अडकतो. मग चांगल्या तेलानेच इंजिन कोरडे पडते. म्हणून गाडीचा इतिहास ठाऊक नसेल तर व्हॉल्व्हचे झाकण उघडून पाहावे. आत काळा गाळ दिसला तर तळाची पेटी उतरवून ती व जाळी स्वच्छ करून घ्यावी. त्यानंतर पहिले तेल पाचशे किलोमीटरांतच बदलावे. पुढे गाडी नेहमीच्या पद्धतीने चालेल.

नेहमीची पद्धत म्हणजे काय? जुन्या पुस्तिकांत तीन हजार मैलांनी, म्हणजे सुमारे पाच हजार किलोमीटरांनी, तेल बदलण्यास सांगितलेले असे. परंतु तुमची गाडी वर्षाला हजार किलोमीटरही चालत नसेल, तेव्हा पाच वर्षे थांबावे काय? मुळीच नाही. देवळापर्यंत व बाजारापर्यंत जाऊन परत येणारे इंजिन पुरते तापतच नाही. जळालेल्या पेट्रोलातून निर्माण झालेले पाणी तेलात राहते, त्यात आम्ले मिसळतात, आणि उभ्या गाडीत ती बेअरिंग खात बसतात. पावसाळ्यात ही ओल आणखी वाढते. म्हणून गाडी चालो वा न चालो, वर्षातून एकदा तेल बदलावेच. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवावयाची असेल तर झाकण्यापूर्वी बदलावे, नंतर नव्हे. मळके तेल पोटात ठेवून तिला चार महिने झोपवू नये. आणि महिन्यातून एकदा तरी गाडी नुसती सुरू करून बंद न करता दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी.

तेल मोजण्याची पट्टी दर आठवड्यास पाहावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मग पट्टी काढावी. तेल कमी होणे आपण जाणतो, परंतु वाढलेले तेल अधिक धोक्याचे असते. यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल तेलात उतरते, पातळी वाढते आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी गाडी सुरू न करता मेस्त्रींना बोलवावे. झाकणाखाली लोण्यासारखा फिकट थर दिसला तर तेलात पाणी आहे असे समजावे. लहान फेऱ्यांमुळे तो थोडासा येतो व लांबच्या प्रवासाने जातो. न गेल्यास, अथवा रेडिएटरचे पाणी कमी होत असल्यास, हेडचे गॅस्केट तपासून घ्यावे.

इंजिन नव्याने बांधले असेल, विशेषतः कॅमशाफ्ट व टॅपेट नवे घातले असतील, तर पहिली वीस मिनिटे निर्णायक असतात. तेव्हा जस्ताचे प्रमाण चांगले असलेले साधे खनिज तेल घालावे. इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटे चालू द्यावे. मंद फेऱ्यांत कॅमवर पुरेसे तेल उडत नाही. पुढे आठशे किलोमीटरांच्या आत ते तेल काढून टाकावे, कारण नव्या भागांची बारीक भुकटी त्यात आलेली असते.

खरेदीविषयी एवढेच की रस्त्याकडेचे सुटे तेल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. डब्याचे सील पाहावे व पावती घ्यावी. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला छिद्र पाडावे, म्हणजे तोच डबा पुन्हा भरून कोणा अजाण माणसाच्या हाती येणार नाही. काढलेले काळे तेल विहिरीजवळ, नाल्यात वा झाडाच्या मुळाशी ओतू नये. जमिनीतून झिरपून ते पाण्यात उतरते, आणि आपली विहीर शेजाऱ्यांच्या विहिरीहून वेगळी नसते. ते डब्यात साठवून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. ते त्वचेस अपायकारक असते, तेव्हा हात साबणाने धुवावेत व मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये.

राहिला मुलाने आणलेला डबा. तो मेस्त्रींच्या फळीवर धूळ खात ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या स्वतःच्या किंवा एखाद्या नातलगाच्या नव्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर तेथे त्याचा उत्तम उपयोग होईल. आणि वडिलांनी मुलाला दुसरे एक काम सांगावे. सिलिंडरचा दाब मोजून घेण्याच्या दिवशी त्याने रजा काढून यावे, मेस्त्रींच्या शेजारी उभे राहावे, व्हॉल्व्हचे झाकण उघडताना पाहावे, आणि जुने तेल कोणत्या बोल्टातून उतरते ते शिकून घ्यावे. मेस्त्रींनीही नव्वद नंबरचा आग्रह सोडून २०डब्ल्यू-५० ची परीक्षा घ्यावी. आईच्या मताचा विचार दाब मोजल्यावर करावा. इंजिन बरे निघाले तर वर्षाकाठी एक डबा तेल व एक गाळणी एवढ्यावर ही गाडी घरात पुष्कळ वर्षे राहू शकेल. बरे न निघाले तर काय खर्च येईल हे सर्वांसमोर कळेल, आणि मग जो निर्णय होईल तो रागाचा नसेल.